स्नायू आखडतो, पण तंतू आखडत नाहीत



‘हात वाकवला की दंडाचा स्नायू आकुंचन पावतो.’ हे वाक्य आपण वर्गात किती वेळा म्हणतो! मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि गुणही मिळवतात. पण एखाद्या मुलाला विचारा, “आकुंचन पावतो म्हणजे आत नेमकं काय होतं रे?” बहुतेक उत्तर येईल, “रबरासारखं आखडतं.” यात मुलांना हसायचं कारण नाही. 1950 च्या सुमाराला मोठमोठे शास्त्रज्ञही साधारण असंच मानत होते. स्नायूतली लांब प्रथिनं घडी पडून किंवा गुंडाळून आखूड होत असावीत, असा त्यांचा समज होता.

हा समज मोडला त्यात ह्यू हक्स्ले या इंग्रज शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, युद्धकाळात रडारवर काम केलेला, मग केंब्रिजमध्ये क्ष-किरणांनी स्नायूची रचना शोधू लागलेला. पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये त्याची गाठ जीन हॅन्सन यांच्याशी पडली. त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या प्राणिशास्त्रज्ञ, सूक्ष्मदर्शकाखाली स्नायू पाहण्यात तरबेज. दोघांनी सशाच्या स्नायूतले बारीक धागे घेतले. त्यांवर एकाआड एक गडद आणि फिके पट्टे दिसतात. मायोसिन हे प्रथिन विरघळवून काढून टाकलं, तर गडद पट्ट्यांचा गडदपणाच गेला! म्हणजे मायोसिन राहतं कुठे, हे कळलं. मग धागा आखडताना पाहिला. फिके पट्टे अरुंद झाले, गडद पट्ट्यांची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली.

इथे जरा थांबा आणि वर्गातही थांबा. सगळा धडा या एका निरीक्षणात आहे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धवट गुंफा आणि हात जवळ आणा. दोन्ही मनगटांमधलं अंतर कमी झालं, बोटं मात्र तेवढीच राहिली. मायोसिनचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे पातळ तंतू असेच एकमेकांत सरकतात. दोन्हींपैकी एकही तंतू आखडत नाही.

हा निष्कर्ष 22 मे 1954 च्या ‘नेचर’मध्ये छापून आला. त्याच अंकात अँड्र्यू हक्स्ले आणि रॉल्फ नीडरगेर्के यांनी बेडकाच्या जिवंत स्नायूवर स्वतंत्रपणे काम करून तीच गोष्ट मांडली होती. (आडनाव एक म्हणून दोघं हक्स्ले भाऊ समजू नका, त्यांचं काही नातं नव्हतं.)

पण सरकतात ते कशाने? 1957 मध्ये ह्यू हक्स्लेने स्नायूचे अतिशय पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा जाड आणि पातळ तंतूंच्या मधे छोटे छोटे पूल दिसले. ही मायोसिनची डोकी. विहिरीतून पोहरा ओढताना आपण दोर धरतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पुढे धरतो, तशीच ही डोकी ॲक्टिनला ओढतात. फरक एवढाच की असंख्य हात एकाच वेळी कामाला असतात आणि सगळे एकदम सोडत नाहीत, म्हणून पोहरा निसटत नाही.

“याचा उपयोग काय?” हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. तो चुकीचा नाही, फक्त उत्तराची घाई असते. 1969 नंतरची काही वर्षं जेम्स स्पुडिच नावाचा तरुण संशोधक हक्स्लेच्या हाताखाली शिकून गेला. 1983 मध्ये स्पुडिच आणि मायकेल शीट्झ यांनी मायोसिन लावलेले सूक्ष्म मणी ॲक्टिनवरून चालताना दाखवले. पुढे स्पुडिच यांचा ज्या कंपनीच्या स्थापनेत सहभाग होता, तिथे मॅव्हाकॅम्टेन हे औषध तयार झालं. काहींच्या हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषामुळे जाड होतो आणि गरजेपेक्षा जोराने आखडतो. हे औषध ॲक्टिनला धरू शकणाऱ्या मायोसिनच्या डोक्यांची संख्या कमी करतं. अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मान्यता मिळाली. पट्टे मोजण्यापासून गोळीपर्यंत 68 वर्षं लागली!

हा विषय आपल्या घरापासून लांबचाही नाही. जाड तंतूंवर बसणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातला एक दोष भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत असतो आणि त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो, असं 2009 च्या एका अभ्यासात दिसलं. हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ त्यात होते.

ह्यू हक्स्लेला नोबेल मिळालं नाही. अँड्र्यूला 1963 मध्ये मिळालं, पण ते मज्जातंतूंवरच्या कामासाठी. हॅन्सन तर 1973 मध्येच, वयाच्या 53 व्या वर्षी गेल्या. पुरस्कारांची यादी पाठ करून घेतली, तर मुलांपर्यंत यातलं काहीच पोचत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा अकरावीला ‘सरकत्या तंतूंचा सिद्धांत’ शिकवताना व्याख्या नंतर द्या. आधी फळ्यावर पट्टे काढा, आखडण्याआधीचे आणि नंतरचे, आणि विचारा, “गडद पट्टा तेवढाच का राहिला?” पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी चालेल. आणि हक्स्ले हे नाव लिहाल तेव्हा शेजारी हॅन्सनही लिहा.