अंतर कोठून मोजावे?

पुणे ते फ्रँकफर्ट हे हवाई अंतर सुमारे 6,700 किलोमीटर भरते. म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा जवळजवळ सहावा हिस्सा. थेट विमानास त्यासाठी साधारण साडेआठ-नऊ तास लागतात. 2008 साली लुफ्तान्साने लोहगावहून फ्रँकफर्टला थेट सेवा सुरू केली, आणि 2009 साली चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. जर्मनी आता चाकणच्या वेशीवर आली, असे तेव्हा कोणालाही वाटावे. पुढे ती सेवा बंद पडली, कारखाने राहिले.

विमानाने प्रवासवर्णन संपवले, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. पंडिता रमाबाईंच्या 1883 मधील ‘इंग्लंडचा प्रवास’ या लेखनात आगबोट आहे, समुद्र आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये तर वाट हाच विषय आहे. विमानात मनुष्य एका गावी डोळे मिटतो व दुसऱ्या गावी उघडतो. मग लिहावे कशाविषयी?

आमचे मत थोडे निराळे आहे. अंतर संपलेले नाही. ते मोजण्याची जागा चुकते आहे. आपल्या भाषेत ‘मजल’ हा शब्द आहे. मजल म्हणजे एका दिवसात उरकेल एवढी वाट. तीत चालणाऱ्याचे पाय, ऊन, मुक्काम सारे हिशेबात धरलेले असते. विमान कंपनीचा आकडा मात्र एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचा, आणि धावपट्टीवर कोणी राहत नाही. थेट सेवा नसल्यावर चाकणच्या अभियंत्याने मुंबई गाठावी, तर आधी दीडशे किलोमीटरचा रस्ता, त्यात चाकण चौकातली कोंडी, मग विमानतळावर तीन तास आधीची हजेरी. व्हिसाच्या खेपा निराळ्याच. साडेआठ तास हा विमानाचा प्रवास झाला, माणसाचा नव्हे.

आणि हा अभियंता तरी भाग्यवान. त्याच वसाहतीत कंत्राटावर राबणारा नांदेडचा तरुण सणाला घरी निघतो, तेव्हा त्याची रात्रीची बस सुमारे साडेचारशे किलोमीटर चालते आणि जवळजवळ तेवढेच तास घेते. किलोमीटरच्या हिशेबात नांदेड फ्रँकफर्टच्या पंधरा पट जवळ. तासांच्या हिशेबात दोन्ही सारखीच लांब. रजा आणि भाडे यांचा हिशेब मांडला, तर कित्येकदा नांदेडच अधिक दूर ठरावे.

येथे साहित्याचा संबंध येतो. प्रवासवर्णन शिकवताना आपण परदेश, तीर्थक्षेत्रे आणि हिमालय यांपाशी थांबतो. पोटासाठी केलेला, दरवर्षी त्याच वाटेने होणारा प्रवास आपण प्रवास मानत नाही. त्याची नोंद झालीच तर ‘स्थलांतर’ या मथळ्याखाली, समाजशास्त्राच्या पुस्तकात होते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या महाविद्यालयांतील वर्गांत अशा वाटांनी आलेल्या घरांतली मुले बसतात. त्यांना युरोपवर निबंध सांगण्याऐवजी आपल्या घरची वाट, थांब्यांसकट आणि तासांसकट, लिहावयास सांगावी. प्रवासवर्णन संपले की नाही, याचा निर्णय त्या वह्या वाचल्यावर करावा. त्याआधी करण्याची घाई नको.