इंजिन थंड असताना दाखवा

पावसाळा लागला की वरूड, मोर्शी, अचलपूरकडच्या संत्राबागांत गवत माजतं आणि अमरावती-अकोल्याच्या बाजारात जुने ब्रशकटर, पॉवर वीडर, फवारणीचे एचटीपी पंप यांना गिऱ्हाईक येतं. हे गिऱ्हाईक बहुधा बागायतदार नसतो. बागायतदार नवीन घेतो, जमलं तर अनुदानावर. जुनं घेतो तो दुसऱ्याच्या बागेत गवत कापून, फवारणी करून पोट भरणारा माणूस. आणि विकणाऱ्यांत, दुरुस्ती करणाऱ्यांत आपले लोक कमी नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मागच्या पावसाळ्यात असाच एक ब्रशकटर घेतला. दुकानात एका झटक्यात सुरू झाला. घरी अर्धा तास चालला, बंद केला, आणि मग रस्सी ओढून ओढून हात दुखले तरी फुर्र झालं नाही. परत नेला तर विकणारा म्हणाला, "भाऊ, तुम्ही पाहूनच नेला ना?" मिस्त्रीनं सायलेन्सर काढला. आत पिस्टनवर उभ्या रेघाच रेघा. कोणीतरी पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळता मशीन चालवलं होतं. पोरगा आठवडाभर शाळेत आला नाही. बापासोबत विळा घेऊन गवत कापायला जात होता.

टू-स्ट्रोक मशीन घेताना सायलेन्सर खोलून पाहू द्या, एवढं एक जरी मागितलं असतं तरी सौदा झाला नसता. दोन-तीन बोल्टचं काम आहे. पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली तर ठीक, खरवडलेली दिसली तर सलाम करून निघावं. टू-स्ट्रोकमध्ये थोडा निळसर धूर असतोच, त्याला घाबरू नये. फोर-स्ट्रोक इंजिन निळा धूर सोडत असेल तर मात्र ते ऑइल जाळतंय.

दुकानात पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर समजावं की काहीतरी झाकलंय. गरम इंजिनात पेट्रोलची वाफ सहज होते. चोक, प्लग, कार्बुरेटर यांची कुरकुर दिसत नाही. म्हणून आधी हात लावून पाहावं, गरम असेल तर चहा पिऊन यावं. पण नुसतं थंड सुरू होणंही पुरेसं नाही. झिजलेलं इंजिन कधीकधी सकाळी चालतं आणि तापल्यावर बंद केलं की परत उठत नाही, जसं वर झालं. पंधरा मिनिटं लोड देऊन चालवा, बंद करा, लगेच पुन्हा रस्सी ओढा.

वीडर आणि एचटीपीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात मी सगळ्यात आधी एअर फिल्टर काढायला सांगतो. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. फिल्टरवर धूळ असणं साहजिक आहे. फिल्टरच्या मागे, कार्बुरेटरच्या तोंडात धूळ असेल तर ती सिलिंडरपर्यंत गेली आणि तिनं रिंगा घासल्या असं धरून चाला. मग ऑइल. काळं असलं तर हरकत नाही. बोटांवर घासून धातूची चमक दिसते का, दुधाळ आहे का, पेट्रोलचा वास येतो का ते बघा. वास येत असेल तर पेट्रोल झिरपून खाली उतरतंय आणि ऑइल पातळ झालंय. पुली धरून वरखाली हलवा. खटखट लागली तर बेअरिंग गेलं. रस्सी हलकी ओढली जाते एवढ्यावरून कॉम्प्रेशन गेलं असं ठरवू नका. बऱ्याच इंजिनांत सुरू करताना दाब कमी करण्याची सोय असते.

कडक झालेल्या रबरी नळ्या, कार्बुरेटरचा खराब डायफ्राम, टाकीतलं जुनं पेट्रोल यासाठी मशीन सोडू नये. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, हे आता घरोघरचं आहे. तेवढे पैसे कमी करून घ्यावेत.

आता विकणाऱ्यांबद्दल. "जैसा है वैसा" म्हटलं की जबाबदारी संपली, असं आपल्याकडे सर्रास मानतात. काहींना हेही ठाऊक आहे की हनफी फिक्हमध्ये 'कोणत्याही ऐबाची जबाबदारी माझी नाही' अशी अट घालून केलेला सौदा वैध ठरतो आणि एरवी ऐब निघाल्यास माल परत करण्याचा जो हक्क गिऱ्हाइकाला असतो, तो राहत नाही. बरोबर आहे. पण सौदा वैध ठरणं वेगळं आणि माहीत असलेला ऐब लपवण्याचा गुनाह माफ होणं वेगळं. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, असं विचारलं. हा प्रसंग जुम्माच्या बयानात दहादा ऐकलेला माणूस शनिवारी चिरलेल्या हेडवर चांदीचा रंग मारतो, हे मला पचत नाही.

देशाचा कायदाही फार दूर नाही. 1930 चा मालविक्री कायदा म्हणतो की गिऱ्हाइकानं माल तपासला असेल तर तपासणीत दिसायला हवा होता तो दोष त्याच्याच माथी. पण 1872 च्या करार कायद्यात माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूक आहे. गप्प राहणं एक, रंग मारणं दुसरं.

हे बोललो की काही मित्र चिडतात. म्हणतात, सर, खरं सांगितलं तर विकलं जाणार नाही, आणि फसवतात तर सगळेच. फसवतात, मान्य. पण विकलं जात नाही हे खोटं आहे. 'रिंगा गेल्यात, बसवायला इतका खर्च येईल, म्हणून भाव इतका' असं चिठ्ठीवर लिहून देणारा एक म्हातारा मिस्त्री मला माहीत आहे. त्याच्याकडे पेरणीच्या आधीपासून लोक नंबर लावतात, आणि तो घासाघीस करू देत नाही.