यंत्र वाचणार काय? आपल्याच बातम्या ना!

'आता एआय जगभरातल्या साथी आधीच ओळखणार' हे फॉरवर्ड आठवडाभरात चार ग्रुपवर आलं. सोबत ठरलेला दाखला: टोरांटोच्या ब्लूडॉट कंपनीच्या यंत्रणेने ३१ डिसेंबर २०१९ लाच वुहानमधल्या न्यूमोनियाचा इशारा दिला होता. खरं आहे. पण कशाच्या जोरावर? कुणीतरी चिनी भाषेत लिहिलेल्या बातमीच्या! यंत्र दवाखान्यात जात नाही. ते छापून आलेलं वाचतं, विमान तिकिटांचा हिशेब जोडतं आणि आजार पुढे कुठल्या शहरात जाईल ते सांगतं.

आदल्याच दिवशी वुहानच्या डॉ. ली वेनलियांग यांनी वर्गमित्रांना ग्रुपवर सावध केलं होतं. ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून, खोटी माहिती पसरवली म्हणून त्यांच्याकडून सही घेतली. फेब्रुवारीत ते त्याच आजाराने गेले. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली ३० जानेवारीला. म्हणजे इशारा मिळूनही महिना गेलाच की!

आपल्याकडेही दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र 'हेल्थ सेंटिनेल' वापरतं. १३ भाषांतल्या ऑनलाइन बातम्या ते चाळतं. चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण खाली तालुक्यात काय चालतं? डेंग्यूची बातमी लावली की दुपारपर्यंत फोन: "साथ कशाला म्हणता? 'संशयित' लिहा ना." जाहिरात बंद करू असं कुणी बोलत नाही, ते आपण समजून घ्यायचं असतं. खासगी लॅबची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी सरकारी यादीत तो पक्का डेंग्यू नाही. स्ट्रिंजरला बातमीचे मिळणारे पैसे पेट्रोललाही पुरत नाहीत. मग बातमी येतच नाही. जे छापलंच नाही ते यंत्र काय वाचणार, कपाळ?

(गुगलनेही २००८ मध्ये लोकांच्या सर्चवरून फ्लू ओळखायचं काढलं होतं. २०१२-१३ च्या हंगामात अंदाज जवळपास दुप्पट निघाला, २०१५ ला दुकान बंद.)

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा विहिरीचं आणि टँकरचं पाणी तपासायला माणसंच गेली ना?

आरोग्य खात्याने तापाचे, डेंग्यूचे, काविळीचे आकडे, संशयितांसकट, गावनिहाय दर सोमवारी पंचायत समितीच्या फलकावर लावावेत. एवढीच मागणी आहे. त्याला एआय लागत नाही, खडू लागतो. तोवर तुमच्या गल्लीत एकाच घरात दोघं-तिघं तापाने पडले असतील तर मला इनबॉक्स करा. नाव छापणार नाही. लॅबचा रिपोर्ट असेल तर त्याचाही फोटो पाठवा.