चालण्याचे ध्यान कॉलेजच्या मैदानात हवे

सोलापूरजवळ बोरामणीच्या माळावर दगडांचा गोल चक्रव्यूह सापडल्याची बातमी डिसेंबर २०२५ मध्ये आली. एकात एक १५ वेढे, रुंदी सुमारे ५० फूट, आणि अभ्यासकांच्या अंदाजाने वय २००० वर्षे. तो ध्यानासाठीच मांडला होता, असे मी म्हणत नाही. पण दौंड-शिरूरच्या महाविद्यालयांनी आपल्या आवारात चालत ध्यान करण्यासाठी असा चक्रव्यूह आखावा, असे मला मनापासून वाटते.

यात अभिमन्यूसारखे अडकण्याची भीती नाही. वाट एकच, तिला फाटा नाही. वळत वळत मध्यावर पोचायचे आणि तिनेच परत यायचे. पुढे कुठे वळायचे हा विचारच नसल्याने लक्ष पावलांवर राहते. आमच्याकडची मुले सकाळची गाडी गाठून शिकायला जातात. त्यांना योगदिनी सतरंजीवर बसवून डोळे मिटायला सांगितले, की परीक्षा, भरती आणि घरचा ऊस एकदमच समोर उभे राहतात. चालताना मन निवते, हे यवतला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पाहणाऱ्यांना काय सांगावे? बौद्ध परंपरेत तर चंक्रमण, म्हणजे सावकाश चालणे, हे ध्यानच आहे.

काही जण याला परदेशी खूळ म्हणतील. फ्रान्समधल्या शार्त्रच्या चर्चमध्ये तेराव्या शतकातला चक्रव्यूह आहे आणि अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी तसे आखून घेतले आहेत, हे खरे. पण बोरामणीचे दगड त्याहून कितीतरी जुने आहेत. जागेची सबबही टिकत नाही. शार्त्रच्या चक्रव्यूहाचा व्यास जेमतेम १३ मीटर, म्हणजे कबड्डीच्या मैदानाच्या लांबीएवढा. तेवढ्यात सुमारे २६० मीटरची वाट बसते.

मात्र पेव्हर ब्लॉक, कोनशिला आणि उद्घाटन नको. आधी फक्कीने आखा. मध्ये अधिकचे चिन्ह, चार कोपऱ्यांत चार कोन, चार ठिपके. ते क्रमाने जोडले की रांगोळीसारखा सात वेढ्यांचा चक्रव्यूह तयार होतो. गणिताचे विद्यार्थी खुंटी-दोरी घेऊन एका दुपारी तो आखतील. मोबाइल बाहेर ठेवावा. हजेरी आणि सक्ती मुळीच नसावी. हा चक्रव्यूह समुपदेशकाच्या जागी नव्हे. ते पद प्रत्येक कॉलेजात भरलेच पाहिजे.

एक सत्र मुले त्यावर चालतात का, ते प्राचार्यांनी पाहावे. चालली, तर पावसाळ्याआधी फक्कीच्या जागी नदीचे गोटे मांडावेत.

— एक पालक, खुटबाव (ता. दौंड)