कोळी कोणाला चावतो?

पवित्र प्रभाकर हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. पीटर पार्करचं भारतीय रूप करायचं म्हणून आद्याक्षरं जुळवली, ठीक आहे. पण आपल्याकडे प्रभाकर हे आडनाव नसतं हो, नाव असतं! पणशीकर घ्या की आमच्या गोव्याचे कारेकरबुवा घ्या, दोघांचंही 'प्रभाकर' पुढे आणि आडनाव मागे.

असो. नावाला क्षमा आहे. माझं भांडण आहे ते जन्मकथेशी.

स्पायडरमॅन पहिल्यांदा अवतरला 1962 साली, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या कथेत. 2004 मध्ये गोथम कॉमिक्सने चार अंकांत ती कथा मुंबईत आणली. खेड्यातला गरीब, हुशार मुलगा शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला येतो. सोबत भीमकाका आणि मायाकाकू. शाळेतली पोरं गावंढळ म्हणून त्याच्या मागे लागतात. इथवर सगळं आपल्या ओळखीचं. आणि मग भेटतो एक प्राचीन योगी! जगावर संकट येणार आहे, म्हणून तो या पोराला कोळ्याची शक्ती बहाल करतो.

इथेच माशी शिंकली.

मूळ कथेत पीटरला कोणी निवडलेलं नसतं. प्रयोगशाळेतला एक किरणोत्सर्गी कोळी त्याला चावतो, बस्स. दुसऱ्या कोणाला चावला असता तर तो स्पायडरमॅन झाला असता. योग्यांचे वर, अवतार, दैवी जन्म हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहे आणि ते आपण फार सुंदर सांगितलं आहे. 1962 च्या कथेत नवं होतं ते एवढंच, की शक्ती योगायोगाने मिळाली आणि जबाबदारी मात्र त्याची त्याने उचलली. भारतीय करण्याच्या नादात नेमकं तेच गेलं. उरलं काय, तर धोतर आणि राक्षस.

न्याय म्हणून एक सांगायला हवं. मूळ कथेत पीटर एका चोराला जाऊ देतो आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. इथे गुंड एका बाईला त्रास देत असताना पवित्र पाठ फिरवतो. तिच्या मदतीला धावतात भीमकाका, आणि भोसकले जातात. पुतण्याने करायचं ते काकाने केलं! हा बदल मला मूळ कथेपेक्षाही सरस वाटतो. ज्याला हे सुचलं त्याला योग्याची गरज का पडावी?

माझं ऐकाल तर ही कथा मुंबईत नको, सुरतेत घडू द्या. सुरत म्हटली की आपल्याला 1664 आणि 1670 आठवतं, शिवरायांच्या स्वाऱ्या आठवतात. पण खानदेशातल्या माणसासाठी सुरत म्हणजे पोटाची सोय. जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून ताप्तीच्या रेल्वेने माणसं तिथे गेली, यंत्रमागांवर आणि साड्यांच्या कारखान्यांत राबली, उधना-लिंबायत भागात राहिली. सुरत महापालिकेच्या शाळांत गुजरातीसोबत मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू ही माध्यमंही आहेत. अहो, शहरच धाग्यांचं. तिथे कोळ्याला काय कमी? मागाच्या खाली, एखाद्या कोपऱ्यात, जाळं विणत बसलेला असेलच की!

2023 साली पवित्र 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात झळकला. आपल्याकडे तो मराठी आणि गुजराती धरून दहा भाषांत आला, म्हणजे लिंबायतच्या पोराला दोन्ही भाषांत पाहण्याची सोय! गंमत अशी, की त्यातला मुख्य नायक आहे माइल्स मोरालेस. त्याला तोंडावर सांगितलं जातं, की तुला चावलेला कोळी तुझ्यासाठी नव्हताच, तू चुकून स्पायडरमॅन झालास. तो ते निमूटपणे ऐकून घेत नाही.

परक्या शहरात दोन खोल्यांत वाढणाऱ्या पोराला नशिबाने निवडलेलं नसतं. योगी त्याची वाट पाहत बसलेला नसतो. योग्याची गोष्ट ऐकून त्याने फार तर हात जोडावेत. कोळ्याची गोष्ट मात्र त्याला सांगते, की बाबा रे, उद्या तुझीही पाळी येऊ शकते. तेव्हा पाठ फिरवू नकोस.