शब्दांची चव

होसकोट्यात मराठी वाचणाऱ्यांसाठी हा अंक आम्ही भाषेवर काढतो आहोत. साहित्यातला अर्थ आशयात असतो तितकाच भाषेच्या नादात आणि लयीतही असतो, असे आम्हाला मनापासून वाटते.

हा विचार या मातीत जुनाच आहे. सतराव्या शतकात होसकोटे, बेंगळूरु, कोलार हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. त्यांच्या दरबारी आलेल्या जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृतसोबत अनेक भाषांतून राजांची स्तुती गुंफली. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हे काव्य प्रकाशात आणले. स्तुती एकाच राजाची, पण संस्कृतात ती भारदस्त समासांची चाल धरते आणि देशी भाषेत बोलण्याच्या जवळ येते. भाषा बदलली की राजाही थोडा वेगळा दिसतो. पुढे घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नड कवितेला बोलीचा ठेका दिला. ‘नाकुतंती’साठी त्यांना ज्ञानपीठ मिळाले.

आज आपल्या घरांतली मुले शाळेत कन्नड-इंग्रजी शिकतात आणि मराठी बहुधा कानांनीच. म्हणून या अंकातले लेख सारांश सांगत बसत नाहीत. ते एकेका ओळीपाशी थांबतात.

तुम्हाला थांबवणारी ओळ कोणती, आणि तिच्यातल्या कोणत्या शब्दाने थांबवले? आम्हाला जरूर लिहा. कन्नड ओळही चालेल.