ताऱ्यांच्या वाटेवरची धूळ

घरातली धूळ फडक्याने पुसता येते. आकाशातल्या धुळीचे काय करायचे? दोन ताऱ्यांमधली जागा आपल्याला रिकामी वाटते, पण तिथेही वायू आणि अतिसूक्ष्म धूलिकण विखुरलेले असतात. अगदी विरळ, पण ताऱ्याचा प्रकाश शेकडो वर्षे त्यातून वाट काढत येतो आणि मग थेंबे थेंबे तळे साचते.

ही धूळ दोन तऱ्हांनी फसवते. तारा मंद दिसतो, म्हणून आहे त्याहून दूर वाटतो. शिवाय ती निळा प्रकाश अधिक अडवते, त्यामुळे तारा तांबूस आणि म्हणून थंड वाटतो. १९३० साली अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या रॉबर्ट ट्रम्पलर यांनी ही लबाडी पकडली. तेजावरून अंतर काढले, की दूरचे तारकागुच्छ जवळच्यांपेक्षा आकाराने मोठे निघत. आपल्यापासून लांब गेले म्हणून गुच्छ कशाला फुगतील? अर्थ सरळ होता : वाटेत धूळ होती.

अतिउष्ण तारे खरे तळपतात ते अतिनील किरणांत, आणि धूळ सर्वांत जास्त अडवते तेही हेच किरण. आपल्या वातावरणातून ते खाली पोहोचत नाहीत, म्हणून वेध अंतराळातूनच घ्यावे लागतात. जानेवारी १९७८ मध्ये सोडलेला 'आययूई' उपग्रह तीन वर्षांसाठी होता. अवघ्या ४५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने त्याने सप्टेंबर १९९६ पर्यंत काम केले! भारताच्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वरही २०१५ साली अतिनील दुर्बीण गेली.

युक्ती साधी आहे. एकाच जातीचे दोन उष्ण तारे घ्यायचे, एक धुळीआडचा, एक मोकळा. दोघांच्या प्रकाशातला फरक, तो धुळीचा. त्यात २१७५ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या आसपास प्रकाश हमखास जास्त गिळलेला आढळतो. १९६५ साली अग्निबाणातून घेतलेल्या वेधांत ही खूण प्रथम दिसली. संशय कार्बनवर आहे, पण त्याचे नेमके कोणते रूप, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

उन्हाळ्याच्या रात्री ज्येष्ठा नक्षत्राचा तांबडा तारा शोधा. त्याचा रंग मुख्यतः स्वतःचाच; तो खरोखरच थंड तारा आहे. त्याच्या उत्तरेला, भुजंगधारीमध्ये, झीटा हा साधा पांढरा तारा दिसेल. त्याचे तापमान मात्र तीस हजार अंशांहून अधिक! वाटेतली धूळ नसती, तर तो दुपटीहून तेजस्वी आणि चांगला निळसर दिसला असता.